संगरात राहिलो म्हणजे कुठे राहिलो?

पेडण्याहून एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांचे बाबा फौजेतून निवृत्त झालेले. १९९९ साली कारगिलच्या युद्धात द्रासच्या वरच्या डोंगरांवर होते, आणि आता वहीत आठवणी लिहून काढतायत. ताई त्या टाइप करतात. एका पानावर बाबांनी लिहिलंय, ‘आम्ही सहा जण पाच आठवडे त्याच संगरात राहिलो. उभं राहायची सोय नव्हती.’ ताईंचे भाऊ मराठीचे प्राध्यापक. त्यांनी त्यावर लाल पेन चालवलं. संगर म्हणजे युद्ध, युद्धात कुणी राहत नाही, लढतात, तेव्हा ‘बंकरमध्ये राहिलो’ असं करा. ताई विचारतात, बंकर करू की खंदक?

दोन्ही करू नका. आधी भावाकडचं ते पेन काढून घ्या.

या ‘बंकर’नं माझं डोकं उठवलंय. कारगिल टीव्हीवर आलं तेव्हापासून सैनिक जिथे म्हणून बसतो, झोपतो, जेवतो ती प्रत्येक जागा बंकर. पडद्यावर दगडांची रास दिसतेय आणि निवेदक म्हणतो बंकर. ताडपत्री ताणलेली दिसतेय, तरी बंकर. मुळात हा स्कॉटलंडकडचा शब्द, बसायच्या पेटीवजा बाकाचा. तिथून तो जहाजाच्या कोळशाच्या कोठीत गेला, गोल्फच्या वाळूच्या खड्ड्यात गेला आणि शेवटी रणांगणावर पोचला. वास्कोत मुरगाव बंदरावर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, त्याच्या लेखी बंकर म्हणजे आजही जहाजात भरायचं इंधन. खंदकाबद्दल तक्रार नाही. अरबीतून आपल्याकडे आलेला हा शब्द मूळचा इराणी, ‘खणलेला’ या अर्थाचा, म्हणजे आपल्या खणण्याचा आणि खाणीचा सख्खा भाऊ. पण खंदक खणावा लागतो, आणि बाबा जिथे होते तिथे खणायला होतं काय? वीतभर खरवडलं की खाली कातळ.

म्हणून तर संगर. खणता येत नाही तिथे रचायचं. आजूबाजूचे सुटे दगड उचलून कमरेएवढी भिंत घालायची. चुना नाही, माती नाही, एकावर एक दगड. वर ताडपत्री, पत्रा, पॅराशूटचं कापड, जे हाताला लागेल ते. फटींत पोती कोंबायची, आणि ती नुसती वारा अडवायला नव्हेत. गोळा जवळ पडला की भिंतीचे दगडच फुटून कपच्या उडतात आणि आतल्या माणसाला लागतात. ताईंच्या बाबांनी हे एका ओळीत लिहिलंय, ‘दगडानेच वाचवायचं आणि दगडानेच मारायचं.’ काडतुसांच्या रिकाम्या पेट्या मांडणीला, बर्फ वितळवून पाणी, कुशीवर वळायचं तर शेजाऱ्याला आधी सांगून. जागेचं असं वर्णन वाचल्यावर ती दगडी आहे हे प्राध्यापकांच्या ध्यानात यायला हवं होतं.

आता खरी गंमत. फौजेतला हा संगर आपल्या काव्यातला संगर नव्हे. तो फारसी-पश्तूकडून आला. अफगाण सरहद्दीवरच्या लढायांमधून एकोणिसाव्या शतकात तो इंग्रज अधिकाऱ्यांच्या तोंडी बसला आणि तिथून हिंदी फौजेत मुरला. त्यात बसलेला शब्द आहे ‘संग’, म्हणजे दगड. हा ‘संग’ तुमच्या घरात आहे. संगमरवर घ्या. (त्यात कुठल्याही नद्यांचा संगम नाही, हे मला वर्षातून दोनदा तरी कुणाला तरी सांगावं लागतं.) रांगोळीचं संगजिरं घ्या. आणि बाबांच्या बंदुकीच्या टोकाला असते ती संगीन घ्या.

संगीन म्हणजे मुळात ‘दगडाचं, दगडी’. त्यावरून भक्कम. जुन्या मराठीत संगीन काम म्हणजे पक्कं काम, आणि हिंदीत संगीन जुर्म म्हणजे भारी गुन्हा. मग बंदुकीच्या पात्याला हे नाव का? फोंड्याच्या एका निवृत्त गुरुजींशी यावरून माझं सहा वर्षं वाजतंय. त्यांचं म्हणणं, पातं दगडावर घासून धार लावायचे म्हणून संगीन. गुरुजी, मग कोयता संगीन का नाही? आदोळी, म्हणजे विळी, संगीन का नाही? आमच्या घरची आदोळी पन्नास वर्षं पायरीच्या दगडावर घासली जातेय, तिला अजून कुणी संगीन म्हटलं नाही. माझं मत असं, की हे नाव वजनावरून पडलं. बंदुकीला संगीन चढवली की नळीचं टोक खाली ओढू लागतं, हे मी एका नव्हे, चार जुन्या सैनिकांकडून ऐकलंय. हाताला जी गोष्ट पहिल्यांदा जाणवते तिच्यावरून सैनिक नाव ठेवतो, धार कशी लावली यावरून नाही. गुरुजींना पटत नाही, हे त्यांचं दुर्दैव.

आणि जरा आणखी मागे चला. इराणात सूसा इथे दारयवहू (इंग्रजी पुस्तकांतला डरायस) राजानं महाल बांधला. त्याच्या प्राचीन फारसीतल्या शिलालेखात दगडी खांब कुठून आणले ते सांगितलंय, आणि ‘दगडी’साठी जो शब्द कोरलाय तो साधारण ‘अथंगइन’ असा वाचतात. आरंभीचा ‘अ’ झिजवा, ‘थ’चा ‘स’ करा. संगीन! अडीच हजार वर्षांपूर्वी महालाच्या खांबांना लावलेलं विशेषण आज शिपायाच्या बंदुकीवर बसलंय. त्याच्याही मुळाशी जे आहे त्याचं नातं संस्कृत ‘अश्मन्’शी लागतं, अश्मयुगातल्या अश्माशी. तेव्हा प्राध्यापकमहाशयांना संस्कृतशीच सोयरीक जुळवायची असेल तर खुशाल जुळवावी, फक्त ती ‘अश्मन्’च्या घरी. ‘सम् + गॄ’ या घरी नको.

कारण ‘सम् + गॄ’चा संगर हा निराळाच गृहस्थ आहे. त्याचा अर्थ आधी बोली, करार, दिलेला शब्द. सत्यसंगर म्हणजे वचनाला जागणारा. युद्ध हा त्याचा दुसरा अर्थ, आणि मराठीनं तेवढाच ठेवून घेतला. आपल्याकडे मुक्तिसंगर आणि स्वातंत्र्यसंगर भाषणांत इतक्यांदा येतात, की संगर म्हटलं की लोकांना माळ घातलेला फोटोच दिसतो. बाबांनी तो शब्द लिहिला नाही. त्यांनी दगड लिहिले.

एक मान्य करतो. खुद्द फारसीत आज खणलेल्या किंवा पोती रचलेल्या मोर्च्यालाही संगर म्हणतात, आणि इंग्रज फौजेत वाळूच्या पोत्यांच्या चौकीला. म्हणजे दगड सगळीकडे टिकला नाही. द्रासच्या डोंगरांवर टिकला, एवढं आपल्याला पुरे.

वहीतले आणखी दोन शब्द ताईंनी कळवलेत. ‘रात्रभर मोर्च्यात बसलो’ हे वाचून नातवानं विचारलं म्हणे, आजोबा, मोर्चा पणजीला नेलेला का? मोर्चा हीसुद्धा आधी लढायची जागाच. मोर्चेबांधणीत ती अजून शाबूत आहे, आझाद मैदानावर ती चालायला लागली. दुसरा शब्द बुखारी. तळावर खाली उतरल्यावर ‘बुखारीभोवती बसायचो’ असं बाबांनी लिहिलं होतं. नमुन्याच्या पानांवर मुद्रितशोधकानं त्याचं ‘बखारीभोवती’ केलं. बुखारी म्हणजे काश्मीरकडची शेगडी, बुखार म्हणजे वाफ. फौजी माणूस धान्याच्या कोठाराभोवती हात शेकत बसलाय असं चित्र छापून येणार होतं. ते आधी दुरुस्त करा.

राहता राहिला तुमचा प्रश्न. ताई, उत्तर तुमच्याच पत्रात आहे. संगर म्हणजे काय असं तुम्ही बाबांना विचारलंत, तेव्हा ते म्हणाले, ‘गडगो तो, आनीक कितें!’ एवढ्या नेमक्या अर्थासाठी मला वर पानभर लिहावं लागलं. कुळागराला, म्हणजे पोफळीच्या बागेला, असतो तसा सुट्या दगडांचा गडगा, फक्त त्याच्याआड सहा माणसं राहतात. वाक्य आहे तसं छापा आणि खाली टीप द्या, ‘संगर : गडग्यासारखी रचलेली दगडी आडोशाची जागा’. भावाचं नाव टिपेत घालू नका.

आणि माझं एक काम करा. बाबांच्या वाक्यात ‘त्याच संगरात’ आहे, त्यावरून लिंग कळत नाही. पलटणीतली मराठी पोरं ‘तो संगर’ म्हणायची की ‘ते संगर’? गडगो पुल्लिंगी, म्हणून हाही पुल्लिंगी झाला असणार, असा माझा अंदाज. गुरुजींचा नपुंसकावर भर आहे. बाबांना सहज बोलता बोलता विचारा, आधी कारण सांगू नका, आणि ते काय म्हणाले ते कळवा.