स्प्रिंगफील्ड १९०३ या अमेरिकन रायफलच्या रिसीव्हरला (नळी आणि बोल्ट ज्यात बसतात तो मुख्य पोलादी भाग) कारखान्यात कोणती उष्णताप्रक्रिया झाली आहे, हे कसे ओळखावे?

रंगावरून किंवा कानस घासून ठरवू नका. रिसीव्हरच्या पुढच्या कड्यावर निर्मात्याचे नाव आणि क्रमांक कोरलेला असतो, तो वाचा. स्प्रिंगफील्ड आर्मरी या शस्त्रकारखान्याचा क्रमांक ८,००,००० च्या खाली, किंवा रॉक आयलंड या दुसऱ्या शस्त्रकारखान्याचा २,८५,५०७ च्या खाली असेल, तर तो जुन्या एकेरी प्रक्रियेचा समजावा. त्यापुढचे दुहेरी प्रक्रियेचे; नंतर निकेल स्टील आले.

जुन्या पद्धतीत कारागीर तापलेल्या लोखंडाचा रंग डोळ्यांनी पाहून तापमान ठरवत. ढगाळ दिवशी जो रंग योग्य वाटे, तोच लख्ख उन्हात फिका दिसे, म्हणून भाग जास्त तापवले जात. असे जळलेले पोलाद ठिसूळ होते आणि काडतुसाचे बूड फाटले की रिसीव्हर तुकडे होऊन उडू शकतो. १९१८ मध्ये पायरोमीटरने तापमान मोजायला लागल्यावर हा प्रश्न सुटला.

कानस किंवा रॉकवेल (कठीणपणा मोजण्याची) चाचणी इथे फसवी ठरते: दोन्ही प्रकारांचा पृष्ठभाग कठीणच असतो, आणि पोलादाचे कण जळलेत का हे कठीणपणावरून कळत नाही. नळीवरच्या तारखेवरही विसंबू नका, कारण नळ्या वारंवार बदलल्या गेल्या. बोल्ट (काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा सरकता भाग) वेगळा तपासा. जुन्या बोल्टचा दांडा सरळ खाली येतो, नव्याचा किंचित मागे झुकलेला असतो.

जुन्या क्रमांकाचा रिसीव्हर पुन्हा तापवून सुधारता येत नाही. तो संग्रहात ठेवावा, त्यातून गोळी झाडू नये.