मालवणात पहिल्यांदा स्नॉर्कलिंगला जाताना

डिसेंबर ते फेब्रुवारीत जा, पण सुट्टीआधी तिथी बघ. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी ढवळून गढूळ होतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो. ओढ कमी, तळ चांगला दिसतो. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ सकाळीच उतर, वारा उठायच्या आत.

मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवून नाकाने श्वास ओढ. चिकटून राहिला तरच घे. (मिशी असेल तर तिथून पाणी शिरतं.) आधी कमरेएवढ्या पाण्यात स्नॉर्कलच्या नळीतून तोंडाने श्वास घ्यायचा सराव कर. पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट काढू नकोस.

आणि कळकळीने सांगतो, प्रवाळावर पाय टेकू नकोस. तो जिवंत असतो, काही जाती वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं ते उगाच नाही.