खरबूज की लॉन? आधी एप्रिलमधली विहीर मोजा

प्रश्न थोडक्यात असा: पुणे जिल्ह्यात यवतजवळ एक एकर मध्यम निचऱ्याची जमीन. ठिबक आहे. विहीर जानेवारीत भरपूर देते, पण एप्रिलमध्ये दिवसाला जेमतेम २५,००० लिटर. घरात एक पगार, महिन्याचा खर्च ३०,००० आणि मुदत ठेवीत ३,२०,०००. जानेवारीत एकरभर खरबूज लावायचा विचार होता. तेवढ्यात उरुळी कांचनकडचा एक लॉन ठेकेदार म्हणाला, ‘सिलेक्शन वन हे लॉनचं गवत लावा, ५ रुपये चौरस फुटाने सगळं उचलतो.’ दोन्हींच्या खर्चाचा ताळेबंदही सोबत पाठवला आहे. कमी पडले तर दागिन्यांवर कर्ज काढायची तयारी आहे. काय करावे?

आधी तिजोरी. सहा महिन्यांचा घरखर्च, म्हणजे १,८०,००० रुपये, या हिशेबातून बाहेर काढा. त्याला खरबुजासाठीही हात लावायचा नाही आणि गवतासाठीही नाही. जोखमीला उरले १,४०,०००. तुमच्याच आकड्यांनी खरबुजाला एकरी १,१२,००० लागतात, लॉनला पहिली लादी (मातीसकट कापलेला गवताचा तुकडा) विकण्याआधीच २,२९,०००. म्हणजे एकरभर लॉनचा प्रश्न इथेच निकाली निघतो. पण ठेकेदार पुढच्या वर्षीही येईल, म्हणून दोन्हीकडे नीट पाहू.

खरबुजाचा खर्च तुम्ही बरोबर मांडला आहे. बेडमध्ये सहा फूट आणि रोपांत सव्वा फूट अंतर धरले तर एकरी ५,८०० रोपे आणि बेडवर अंथरायच्या मल्चिंग प्लॅस्टिकचे ४०० मीटरचे सहा रोल. एकच दुरुस्ती: क्रॉप कव्हरचे, म्हणजे वेलांवर घालायच्या पातळ कापडाचे, १२,००० वाचवायचा मोह टाळा. लावणीपासून मादी फुले दिसेपर्यंत, साधारण तीन आठवडे, ते नागअळी, फुलकिडे आणि पांढरी माशी बाहेर ठेवते. फुलकिडे आणि पांढरी माशी नुसता रस शोषत नाहीत, विषाणू आणतात, आणि विषाणू आलेल्या वेलावर कुठलीही फवारणी म्हणजे पैसे पाण्यात. मादी फुले दिसली की मात्र कव्हर त्याच दिवशी काढायचे. मधमाशी आत गेली नाही तर फळधारणा होत नाही. अर्धवट परागीभवनाची फळे वाकडी राहतात. तिथून पुढे फवारणी संध्याकाळीच.

खरबुजात पैसा साखरेला मिळतो, आणि साखर बिघडवायला फळ फुगल्यानंतरचे नत्र आणि शेवटच्या आठवड्यातले जास्तीचे पाणी पुरते. फळ फुगताना पाणी एकसारखे हवे. दोन दिवस तोडून तिसऱ्या दिवशी धो-धो दिले की फळे तडकतात. काढणीच्या पाच-सहा दिवस आधी पाणी कमी करा. फेब्रुवारी-मार्चमध्ये ढगाळ हवा आली की केवडा, कोरड्या हवेत भुरी, हे दोन बुरशीचे रोग येतात. फळमाशीसाठी क्यू-ल्युअरचे (नर माशीला ओढणाऱ्या आमिषाचे) सापळे फळ लिंबाएवढे होण्याआधी टांगा, नंतर उपयोग नाही.

आता भाव. १० टन निघाले तर बांधावरचा ना नफा ना तोटा भाव ११ रुपये २० पैसे पडतो. आठच टन निघाले तर १४. तुम्ही २५ रुपये धरलेत ते रमजानच्या मागणीवर. रमजान दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे सरकतो. २०२७ मध्ये तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास सुरू होईल आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात संपेल. मध्य जानेवारीत लावलेले रोप ६५ ते ७० दिवसांनी, म्हणजे मार्चअखेरीला माल देईल. तोपर्यंत ईद होऊन गेलेली असेल. त्या बाजाराला पोहोचायचे तर नोव्हेंबरअखेरीस लावावे लागेल, आणि थंडीत वेल चालत नाही. तेव्हा २५ खोडा आणि १५ लिहा. १० टनांना ३८,००० उरतात. १० रुपये भाव आणि सहा टन माल अशी दुहेरी मार बसली तर ५२,००० जातात. पिकलेले खरबूज वेलावर आठवडाभरही थांबत नाही, त्यामुळे व्यापाऱ्यापुढे ‘नाही’ म्हणायची ताकद तुमच्यात नसते.

लॉनची गोष्ट इथेच उलटी आहे. इथे विकायचे ते पानच, म्हणून नत्र आणि पाणी अगदी तोडणीच्या आदल्या दिवसापर्यंत. माल शेतात उभा राहू शकतो, भाव पडला तर महिनाभर थांबता येते. ठेकेदार हाच फायदा सांगतात. ते सांगत नाहीत ते असे: उभा माल खातो. उन्हाळ्यात आठवड्याला कापणी, उंची एक ते सव्वा इंच, एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त पान नाही. नाहीतर खालची पिवळी काडी उघडी पडते. ब्लेड बोथट असेल तर शेंडे फाटून पांढुरके दिसतात आणि गिऱ्हाईक त्याला रोग समजते. दर महिन्याला १,००० चौरस फुटांना सुमारे १ किलो युरिया, कोरड्या पानांवर टाकून लगेच पाणी. पाणी उद्यावर टाकले की ठिपके जळतात.

आणि लव्हाळा हे तण. वरून उपटला की खालची गाठ तशीच राहते, शेजारी आणखी कोंब काढते. लव्हाळा दिसणारी लादी कोणी घेत नाही, म्हणून तुम्ही धरलेले खुरपणीचे ४०,००० कमीच पडतील. पावसाळ्यात हुमणी ही अळी मुळे कुरतडते तेव्हा गवत हाताने चटईसारखे उचलले जाते. ते पाहून तोडणी सोपी झाली असे वाटेल. प्रत्यक्षात तो पट्टा गेलेला असतो.

पण तुमच्या ताळेबंदात जे मुळीच नाही ते म्हणजे माती. लॉनची लादी मातीसकट जाते. एकराच्या ४३,५६० चौरस फुटांपैकी रस्ते, कडा आणि नापास पट्टे वजा जाता ३४,००० चौरस फूट विकले आणि लादीला दीड सेंटिमीटर माती धरली, तर एका तोड्यात सुमारे १७ ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट) माती ट्रकमध्ये जाते. तुम्ही पोयट्याचा, म्हणजे सुपीक गाळमातीचा, दर ब्रासला १,८०० लिहिला आहे, म्हणजे ३०,६०० रुपये. ५ रुपयांतले ९० पैसे तुमच्याच जमिनीचे! हे नफ्यात धरणे म्हणजे मुद्दल मोडून त्याला व्याज म्हणणे. माती, खुरपणी, कापणी, खत धरून दुसऱ्या तोड्यापासून खर्च ७६,००० होईल आणि सगळा माल विकला तर १,७०,००० मधून ९४,००० उरतील. निम्माच विकला तर मातीचा खर्चही निम्मा धरून २४,०००. ठेकेदार वर्षाला दोन तोडे म्हणतो. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत हे गवत थबकते, हिशेबात दीड धरा.

परतीचा रस्ताही महाग आहे. सिलेक्शन वन म्हणजे हरळीचाच बारीक पानाचा प्रकार. जी हरळी शेतातून काढायला पिढ्या खपल्या, ती आपण पैसे देऊन लावतो आहोत. पुन्हा खरबूज किंवा कांदा घ्यायचा झाला तर खोल नांगरट, उन्हाळाभर जमीन तापू देणे आणि मुळ्या वेचणे, तेही एका हंगामात संपत नाही.

पाण्याने तर प्रश्नच सुटतो. एकरावर दिवसाला ५ मिलिमीटर म्हणजे २०,००० लिटर. एप्रिल-मेमध्ये तुमची विहीर जवळजवळ रिकामी करून ते गवत हिरवे राहील, आणि हिरवे नसेल तर विकणार नाही. खरबूज त्याआधी शेतातून बाहेर पडलेले असते.

माझे मत: जानेवारीत २० गुंठेच खरबूज लावा, सुमारे ५६,००० रुपयांत. वाईटात वाईट, तीन टन आणि १० रुपये भाव आला, तर २६,००० जातील. ते तुम्हाला झेपेल. त्याच जागी पुढची दोन-तीन वर्षे वेलवर्गीय पीक नको, मर रोग आणि सूत्रकृमी वाढतात; म्हणून उरलेले अर्धे रान पुढच्या वर्षासाठी कोरे ठेवा. त्यातलेच पाच गुंठे उन्हाळ्यात नांगरून तापवा, मेअखेरीस पाणी देऊन लव्हाळा उगवू द्या, गाठींसकट दोनदा काढा आणि जूनमध्ये तीन-चार इंचांवर गवत टोचा. कापणीचे मशीन विकत न घेता भाड्याने आणा. ३०,००० च्या आत बसेल. पहिल्या तोड्यात ४,२०० चौरस फुटांचे २१,००० येतील, म्हणजे पैसे सुटणार नाहीत. ही चाचणीची फी समजा.

त्याआधी ठेकेदाराकडून कागदावर घ्या: मोजणी शेतात की ट्रकवर, तोडणीची मजुरी कोणाची, मातीची जाडी किती, उचलायची शेवटची तारीख कोणती आणि २५ टक्के आगाऊ. तोडलेली लादी एक-दोन दिवसांत अंथरली नाही तर थप्पीत तापून पिवळी पडते. तो तोटा कोणाचा, तेही लिहून घ्या. आगाऊ द्यायला तो तयार नसेल तर पाच गुंठेही लावू नका.

दागिन्यांवरचे कर्ज नको. गवत विकले नाही तरी व्याज थांबत नाही. खरबुजाला कमी पडले तर पीककर्ज बघा; वेळेत फेडले तर व्याजात सवलत मिळते.

कराचे एवढेच: खरबुजाच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, पण निव्वळ शेती उत्पन्न ५,००० च्या वर गेले आणि पगार करपात्र असेल, तर पगारावरच्या कराचा दर काढताना ते मिळवले जाते. रिटर्नमध्ये दाखवा. उद्या बंगल्यांवर लॉन अंथरून द्यायचे काम घेतलेत, तर ती मजुरी शेतीत बसत नाही. तिची वही पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा.