वाचकांचे प्रश्न : लेखक-निवासासाठी स्नेहभोजन

प्रश्न : आमची संस्था लेखक-निवास चालवते. निवडलेल्या लेखकाला चार आठवडे खोली, जेवण आणि प्रवासखर्च देतो. निधीसाठी लेखकांसोबत स्नेहभोजन ठेवलं. ८० जागा भरल्या, पण हाती जवळजवळ काहीच उरलं नाही. कुठे चुकलं?

उत्तर : बहुधा तिकिटाच्या हिशेबात. ८ जणांची १० टेबलं आणि प्रत्येक टेबलावर एक लेखक धरला, तर पैसे देणारे ७०च. ताटं मात्र ८०. एका ताटाचा खर्च १ भाग माना. तिकीट त्याच्या दीडपट असेल तर जमा १०५ भाग. त्यातले ८० जेवणातच गेले. उरलेले २५ सभागृह, माइक, छपाई आणि लेखकांच्या प्रवासात संपतात. तिकीट तिप्पट ठेवलं तर २१० जमा होतात आणि जेवण वजा जाता १३० उरतात. त्याखाली जाऊ नका. लोकांना ते महाग वाटू नये म्हणून जेवणाचा खर्च आणि देणगी तिकिटावर वेगवेगळी छापा. पावतीही तशीच फोडून द्या. बऱ्याच देशांत करसवलत फक्त देणगीच्या भागावर मिळते. फुकट पास शक्यतो देऊच नका. तिकीट बुडतं, ताट उठतंच.

प्रश्न : लेखकांना कसं बसवावं? वाचन आणि निधीचं आवाहन कधी करावं?

उत्तर : दीड मीटर व्यासाच्या गोल टेबलाला आठच माणसं बसवा. दहा जणांच्या टेबलावर समोरचं ऐकू येत नाही आणि लेखक फक्त शेजारच्या दोघांचा होऊन जातो. त्याला त्याच्या प्रकाशकाजवळ किंवा मित्रांजवळ बसवू नका, नाहीतर तिकीट काढून आलेले पाहुणे नुसते बघत राहतात. त्याचं ताट सगळ्यात आधी वाढा. तो बोलत राहतो, अन्न निवतं आणि शेवटी उपाशी उठतो. हे आम्हाला फार अन्यायाचं वाटतं. टेबलं बदलायला लावू नका, एका बदलात दहा मिनिटं सहज जातात.

वाचन ताटं उचलल्यानंतर आणि गोड येण्याआधी. त्या वेळेत वाढप पूर्ण थांबलं पाहिजे, असं केटररला लेखी कळवा. भांड्यांचा आवाज माइक हमखास उचलतो. दोघांचंच वाचन, प्रत्येकी पाच मिनिटं, म्हणजे सुमारे ५०० शब्द. त्यातला एक लेखक तुमच्याच निवासात राहून गेलेला हवा, मग तो नामवंत नसला तरी चालेल. त्याने तिथे लिहिलेलं पान वाचावं आणि लगेच त्यानेच आवाहन करावं. अध्यक्षांच्या भाषणाने ते साधत नाही.

आवाहनात ‘साहित्याची सेवा’ नको, डोळ्यांसमोर येईल असं काही सांगा. अमेरिकेतल्या मॅकडॉवेल या १९०७ सालापासूनच्या कलाकार-निवासात दुपारच्या जेवणाची टोपली स्टुडिओच्या दाराशी गुपचूप ठेवून जातात, आतल्याचं काम मोडू नये म्हणून. तुमच्याकडेही असं काही असणारच. ते सांगा आणि लगेच एका लेखकाच्या एका आठवड्याचा खर्च आकड्यात सांगा. देणगीची कार्डं आणि पेनं तेव्हा टेबलावरच हवीत. दाराशी ठेवलेली कार्डं निघायच्या घाईत कोरीच राहतात.

पुस्तकविक्री आणि सह्या सगळ्यात शेवटी. प्रती न खपल्यास परत घेण्याच्या बोलीवर विक्रेत्याकडून आणा.