भिंत, खिळा आणि दमट हवा

प्रश्न : आम्ही एमव्हीएचे (दृश्यकलेतल्या पदव्युत्तर पदवीचे) पाच विद्यार्थी वेगवेगळ्या कला महाविद्यालयांतल्या १२ पदव्युत्तर मुलामुलींचं प्रदर्शन जुलैत ठाण्यात मांडतोय. मागच्या वेळी कागदावरची चित्रं फ्रेममध्येच फुगली आणि एका रेषेतही बसली नाहीत. काय करावं?
– एक वाचक, नौपाडा

उत्तर : कागद फुगतो तो दमट हवेने. ठाण्याला खाडी जवळ, त्यात जुलै. चारही कडा चिकटवल्या की पसरणाऱ्या कागदाला जागाच उरत नाही आणि मधे लाट येते. म्हणून फक्त वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या गव्हाच्या खळीने लावा. सेलोटेप नकोच, त्याचा पिवळा डाग जात नाही. काच आणि चित्र यांच्यामध्ये माउंट बोर्ड, म्हणजे मधे खिडकी कापलेला जाड पुठ्ठा हवा, नाहीतर रंग काचेला धरतो. फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा. मागून हवा खेळती राहते.

रेषेसाठी वरच्या कडा नाही, मध्य जुळवा : जमिनीपासून १४५ सेंमी. फ्रेम ६० सेंमी उंच असेल आणि तिच्या मागची टांगायची तार ताणल्यावर वरच्या कडेपासून ८ सेंमी खाली येत असेल, तर खिळा १४५ + ३० (अर्धी उंची) − ८, म्हणजे १६७ सेंमीवर. तार बोटाने वर ओढूनच मोजा. सैल तार मोजली की प्रत्येक चित्र वेगळं उतरतं.

आणि हो, चित्र ताब्यात घेताना कोपऱ्यांचे फोटो चित्रकारासमोरच काढा. तैलचित्राला बबल रॅप थेट गुंडाळू नका, न वाळलेल्या रंगावर बुडबुड्यांचे ठसे उमटतात. त्या मुलांकडे दुसरी प्रत नसते.