एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या हीटर फॅनची मोटर बदलायला अख्खा हीटर बॉक्स काढावा लागतो का?

नाही, मोटर इंजिनच्या बाजूनेच बसवलेली असल्यामुळे बॉक्स जागेवर ठेवूनही ती बदलता येते. बॅटरी सुटी करा, मोटरच्या वायरी काढा, तीन स्क्रू सोडवा, की मोटर पंख्यासकट बाहेर येते. बॉक्स काढायचा म्हटलं तर कूलंट उपसा, होज सोडवा, केबल सोडवा, वर जुनं फोम सील फाटतंच. हीटरचा कोअर (गरम कूलंट खेळवणारी आतली जाळी) गळत नसेल तर त्या वाटेला जाऊच नका. खरी काळजी पंख्याची घ्या. तो मोटरच्या दांड्यावर घट्ट दाबून बसलेला असतो. उपसण्याआधी दांड्याचं टोक किती बाहेर आहे ते मोजून लिहून ठेवा, नाहीतर नव्या मोटरवर पंखा बॉक्सला घासतो. आणि हो, मोटर विकत घेण्याआधी जुनीला थेट १२ व्होल्ट देऊन बघा. पुष्कळदा दोष गंजलेल्या अर्थिंगचा किंवा फ्यूजचा निघतो.

एक अपवाद: १९६७ पर्यंतच्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक गाडीच्या बॉडीला जोडलेलं असे. त्यांत कायम चुंबकाची नवी मोटर लावताना वायरी अदलाबदल कराव्या लागतात, नाहीतर पंखा उलटा फिरतो आणि हवा नीट येत नाही.