लाल रंगावर क्लिअर मारलं आणि सुरकुत्या पडल्या

प्रश्न : काका, मी बारावीत आहे. १:२४ मापाच्या प्लास्टिकच्या गाडीला हार्डवेअरच्या दुकानातला लाल इनॅमल मारला. दोन दिवसांनी हाताला कोरडा लागला, म्हणून वर स्प्रेच्या डब्यातलं लॅकर क्लिअर, म्हणजे चकाकीचा पारदर्शक थर, मारलं. पाच मिनिटांत छपरावर आणि बॉनेटवर दुधावर साय धरावी तशा सुरकुत्या आल्या. डबा खराब होता का? गाडी वाचेल का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : डब्याचा दोष नाही, आणि गाडी वाचेल. पण पुढचं क्लिअर हातात घेण्याआधी हे नीट समजून घे.

म्हापशाला गाड्या रंगवण्यात माझी एकतीस वर्षं गेली. आमच्याकडे लॅकरला अजून ‘ड्यूको’च म्हणतात. ड्यूपाँट कंपनीने १९२३ साली बाजारात आणलेल्या रंगाचं ते नाव. लॅकर वाळतो तो फक्त थिनर उडून जाऊन. म्हणूनच महिन्याभरानेही त्यावर थिनर पडला, तर तो पुन्हा विरघळतो. तुझा इनॅमल म्हणजे दाराखिडक्यांचा तेलरंग. तो हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतो, तोही वरून खाली. दोन दिवसांत तुझ्या बोटाला लागली ती नुसती वरची कातडी. पोटात रंग ओलाच होता. लॅकरचा जहाल थिनर त्या कातडीतून आत शिरला, रंग फुगला, पसरायला जागा नाही म्हणून दुमडला. आम्ही याला ‘रंग उचलला’ म्हणतो.

गॅरेजातल्या पोरांना मी एकच सांगायचो : खाली जहाल, वर मवाळ. वाळलेल्या लॅकरवर इनॅमल बिनधास्त चालतो. लॅकरवर पाण्याचा ॲक्रिलिकही चालतो. इनॅमलवर लॅकर मात्र नको. महिनाभर थांबून, धुक्यासारखे हलके हात देऊन काहींना तो जमतो; तरी मी तुला तो सल्ला देणार नाही. लाल इनॅमलच ठेवायचा असेल तर वर इनॅमल क्लिअर किंवा पाण्याचं ॲक्रिलिक क्लिअर घे.

रंग खरंच वाळला का, हे बोटाने बघू नकोस, नाकाने बघ. गाडी तासभर झाकणाच्या डब्यात ठेव, झाकण काढ आणि लगेच हुंग. वास आला तर थांब. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींना घाम फुटतो, तेव्हा तर जास्तच थांबावं लागतं. त्या दिवसांत लॅकर क्लिअर मारू नये याला दुसरंही कारण आहे : थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि क्लिअर दुधाळ होतं. तसं झालंच, तर घासत बसू नकोस. कोरड्या दिवशी त्याच क्लिअरचा एक हलका हात दे. बहुधा पांढरेपणा निघून जातो. माझी सगळी क्लिअरची कामं मी चतुर्थी उलटून ऊन पडलं की काढतो.

आता तुझी गाडी. एवढ्या सुरकुत्या वॉटर पेपरने सपाट होणार नाहीत. रंग पूर्ण काढावा लागेल. इनॅमल काढायला ब्रेक ऑइल चालतं, पण भाग ज्या चौकटीला जोडून येतात तिच्या तुकड्यावर आधी रात्रभर लावून बघ. प्लास्टिक शाबूत राहिलं तरच गाडी बुडव. हातमोजे घाल, जुन्या टूथब्रशने घास आणि भांड्यांच्या साबणाने दोनदा धू. एनसी थिनरला, म्हणजे लॅकरच्या त्या जहाल थिनरला, हातही लावू नकोस. मी माझी पहिली प्लास्टिकची गाडी त्यानेच घालवली : रंग उचलला आणि खालचं प्लास्टिकही विरघळलं, दारांच्या रेषा बुजून गेल्या. ते कवच मी अजून जपून ठेवलंय, नव्या पोरांना दाखवायला.

पुढच्या वेळी आइस्क्रीमचे पांढरे प्लास्टिकचे चमचे घे. त्यांवर तोच प्राइमर, तोच रंग, तेच क्लिअर, त्याच क्रमाने मार आणि मागे तारीख लिही. चमचा आठवडाभर शाबूत राहिला की मगच गाडी. दारावर आकड्यांचे डेकल (पातळ चिकटचित्रं) लावणार असशील, तर क्लिअरचे पहिले दोन-तीन हात इतके कोरडे दे की वर नुसती धूळ बसल्यासारखी दिसेल. पहिलाच हात ओला पडला तर डेकल आक्रसतं.

आणि कुणी गॅरेजातलं हार्डनर घालायचं पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअर देऊ केलं, तर घेऊ नकोस. चकाकी सुंदर येते, पण हार्डनरमधल्या आयसोसायनेटने कायमचा दमा जडू शकतो. घरच्या खोलीत, कापडी मास्क लावून मारायची ती वस्तू नव्हे.

प्रश्न : माझ्या रिमोटच्या गाडीच्या पारदर्शक बॉडीला मी बाहेरून रंग आणि क्लिअर दिलं. पहिल्याच धडकेत पापुद्रे निघाले. कुठलं क्लिअर वापरू?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : कुठलंच नको. ती बॉडी पॉलिकार्बोनेटची असते, वाकते; साधा रंग तिच्याबरोबर वाकत नाही. रंग आतून मारा, म्हणजे बाहेरचं प्लास्टिकच क्लिअरचं काम करतं. तामिया या जपानी मॉडेल कंपनीचे स्प्रे घेत असाल तर या बॉडीला पीएस मालिका. टीएस मालिका जोडणीच्या साध्या प्लास्टिक गाड्यांसाठी. अदलाबदल करू नका, पीएस त्या साध्या प्लास्टिकला खातो. आतून मारताना क्रम उलटा होतो : गडद रंग आधी, फिका नंतर आणि शेवटी पाठीमागे पांढऱ्याचा एक हात, म्हणजे पिवळा-केशरी बाहेरून मळकट दिसत नाही.